डब्यातला कागद

(पणजी. जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा, सकाळ.)

पणजीत आलेला माणूस या पुतळ्यापाशी थबकतोच. झग्यातला पाद्री हात पसरून उभा, पुढ्यात एक बाई मागे कलंडलेली. हे आबे फारिया. जन्म कांदोळीचा, १७५६ सालचा. संमोहनाचे प्रयोग केले पॅरिसमध्ये. रामचंद्र पांडुरंग कामतांनी पुतळा घडवला १९४५ साली. बघणाऱ्याला वाटतं, सगळी जादू त्या हातांत. फारिया मात्र उलटं सांगत: करणाऱ्यात काही नसतं, घडतं ते समोरच्याच्या मनातून. पुतळ्यातली बाई आम्हाला म्हणूनच जास्त महत्त्वाची वाटते.

(डिचोली. स्वयंपाकघरातलं टेबल. फक्त हात.)

चेहरा दाखवायचा नाही, ही या टेबलाशी बसलेल्या बाईंची अट. दोनदा मनाचं आजारपण येऊन गेलं. आता बऱ्या आहेत, म्हणून तर लिहायला बसल्यात. 'विजेचा शॉक देऊ नये. रात्री बाहेरून कडी लावू नये. इंजेक्शन देण्याआधी मला सांगावं.' आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी म्हणून आधी नवऱ्याचं नाव होतं. ते खोडून फोंड्याच्या बहिणीचं घातलं. खोडलेलं अजून वाचता येतं.

हे ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह, म्हणजे मनाच्या आजारात उपचार कसे हवेत, कसे नकोत, ते आधीच लिहून ठेवणं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला दिलेला हक्क, पूर्वी आजार झालेला असो वा नसो. उपचाराचा निर्णय घेण्याची क्षमता गेली की हा कागद लागू होतो, ती परत आली की थांबतो. मधल्या काळात डॉक्टरनं त्याप्रमाणेच वागायचं. मेहरबानी म्हणून नव्हे. कलम १० नुसार ते कर्तव्य आहे. पटत नसेल, तर पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा, कागद परस्पर बाजूला सारू नये. तातडीचे उपचार तेवढे अपवाद, तेही ७२ तासांपुरते. शॉक त्यातही बसत नाही.

(बांबोळीचा रस्ता, रात्र.)

गोव्यात अशा वेळी गाडी बांबोळीच्या मनोरुग्णालयाकडे धावते. कागद डिचोलीतच राहिला, तर? प्रत हाती आलीच नाही, तर ती न पाळल्याचा दोष डॉक्टरवर येत नाही. ती पोचवायची लिहिणाऱ्यानं आणि प्रतिनिधीनं. भान हरपलेल्या माणसाकडून कायदा फारच अपेक्षा करतो, बुवा.

कायदा मोडल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

(पुन्हा टेबल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा.)

लॅमिनेट करणार होत्या. मग म्हणाल्या, उद्या मन बदललं तर? बदलता येतं, केव्हाही. म्हणून साधी प्लास्टिकची पिशवी, रेशनकार्डाच्या वर. एक झेरॉक्स दुपारच्या बसनं फोंड्याला.