हाक न मारता

[दृश्य: पलंगाशेजारचं टेबल. पाण्याचा पेला हाताच्या पल्ल्यापेक्षा जरासा लांब.]

निवेदन:

नाकाला खाज सुटली की आपला हात आपोआप वर जातो. हेन्री इव्हान्स यांचा जात नव्हता. २००२ साली, ऐन चाळिशीत, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. बुद्धी शाबूत राहिली, पण वाचा गेली, हातपाय गेले. हलत होती फक्त मान, आणि किंचितसं एक बोट.

२०१० साली त्यांनी टीव्हीवर पीआर-टू नावाचा रोबो पाहिला आणि त्यावर काम करणाऱ्या संशोधकांना स्वतःहून गाठलं. दोन हातांचा, चाकांवर फिरणारा, दोनशे किलोहून जड असा तो रोबो. मान हलवून संगणकाच्या पडद्यावरचा बाण फिरवायचा आणि त्यातून रोबोचे हात हलवायचे, असं हेन्री शिकले. मग त्यांनी स्वतःची खाज खाजवली. स्वतःची दाढी केली.

ही कामं करून द्यायला घरात माणसं होतीच. पण बोलता येत नसताना डोळ्यांनी एकेक अक्षर दाखवून सांगायचं, समोरच्यानं नेमकी जागा शोधायची, आणि एवढ्याशासाठी कुणाला झोपेतून उठवायचं का, याचा विचार करत पडून राहायचं. हे ओझं शरीराच्या दुखण्याहून वेगळं असतं. घरातल्या रोबोचा विचार करताना मला सगळ्यात आधी हेच दिसतं.

[दृश्य: कपाटाच्या वरच्या फळीकडे पाहणारी वृद्ध स्त्री.]

घरातला रोबो म्हटलं की बहुतेकांच्या मनात एक आज्ञाधारक नोकर उभा राहतो: भांडी घासणारा, फरशी पुसणारा, कपडे वाळत घालणारा. तो यावा, जरूर यावा. त्या कामांत कित्येकांची आयुष्यं गेली आहेत. पण मला हवा असलेला रोबो याहून कमी बोलका, कमी दिमाखदार आहे. पलंगाखाली गेलेला चष्मा तो काढून देतो. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून दाखवतो. वाकता येत नाही त्याच्या पायांत मोजे चढवतो.

आणि रात्री तो पलंगाशेजारी उभा असतो. वय झालेल्या माणसाचा रात्रीचा सगळ्यात अवघड प्रवास म्हणजे पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंतचा. अंधार, झोपेची गुंगी, उठताना येणारी भोवळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे, अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत पडणं जगभरात दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि २०५० पर्यंत साठी ओलांडलेल्यांची संख्या २१० कोटींवर जाईल. माणूस पडला की घरच्यांना कळवणारी उपकरणं आज मिळतात. मला पडण्याआधी पोचणारा हवा. पाय जमिनीला टेकले की त्यानं जवळ यावं, धरायला भक्कम आधार द्यावा, पुढचा दिवा लावावा आणि चालणाऱ्याच्या गतीनं चालावं. बोलायची गरज नाही.

त्या रात्री शेजारच्या खोलीत एक बायको, एक मुलगा किंवा एक सून सलग झोपलेली असेल. आजारी माणसाची सेवा करणाऱ्यांची कंबर जाते, झोप जाते, आणि त्याबद्दल बोलणंही त्यांना अपराधासारखं वाटतं. जपानच्या रिकेन संस्थेनं २०१५ साली अस्वलाच्या चेहऱ्याचा एक प्रायोगिक रोबो दाखवला होता. रुग्णाला अंथरुणातून उचलून चाकाच्या खुर्चीत ठेवणं हे त्याचं काम. वजन १४० किलो. अशी ताकद घरात मावेल एवढ्या आकारात आली, तर ती आधी या सेवा करणाऱ्यांच्या हाती द्यायला हवी.

[दृश्य: टॉवेलची घडी घालणारे यांत्रिक हात.]

मग हे सगळं अजून घरोघर का नाही? कारखान्यात तर युनिमेट हा रोबो १९६१ सालीच कामाला लागला होता. पण कारखान्यात प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी येते. घरात टॉवेल रोज वेगळा चुरगळतो. २०१० साली बर्कली विद्यापीठात एका पीआर-टूनं आधी कधी न पाहिलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. एकही चुकला नाही, पण प्रत्येक टॉवेलला सरासरी वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. बुद्धिबळ यंत्राला लवकर जमलं, टॉवेल जमेना. आपल्या एका तळहाताच्या कातडीत स्पर्श ओळखणारे सुमारे १७,००० संवेदक असतात; त्यांच्या जोरावर आपण न बघता खिशातली किल्ली काढतो. यंत्राला हे शिकवणं किती कठीण आहे, हे घडी घालायला बसल्यावरच उमगतं.

आताचे रोबो माणसाची हालचाल पाहून शिकतात, आणि अडले की काही वेळा दूर बसलेला माणूस त्यांचा ताबा घेतो. इथे मला खरी काळजी वाटते. म्हणजे घरात एक चालता कॅमेरा आला. चाचणीसाठी काही घरांत दिलेल्या सफाई रोबोंनी टिपलेली चित्रं समाजमाध्यमांवर पोचल्याचं २०२२ साली उघड झालं. त्यांत स्वच्छतागृहात बसलेल्या एका स्त्रीचंही चित्र होतं. जो रोबो आंघोळीला मदत करणार, त्याचे डोळे घराबाहेर कुणालाही दिसता कामा नयेत. यात तडजोड नको.

एकटेपणाचं काय? जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी पारो नावाचं सीलचं रोबोपिल्लू बनवलं. स्मृतिभ्रंश झालेली माणसं त्याला कुरवाळतात आणि शांत होतात. सील निवडण्यामागचं कारण सुंदर आहे: खऱ्या सीलचा सहवास फारसा कुणाला नसतो, त्यामुळे कुणी तुलना करत बसत नाही. पारोनं दिलेला दिलासा मी खोटा मानत नाही. मात्र 'रोबो आहे ना सोबतीला' असं म्हणून कुणी भेटायला जाणं थांबवत असेल, तर त्या घरात रोबो आलाच नसता तर बरं झालं असतं.

[दृश्य: चमचा धरलेला साधा यांत्रिक हात.]

१९८७ साली इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात हँडी-वन नावाचा यांत्रिक हात तयार झाला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणारा विकार, असलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्यानं न भरवता जेवता यावं, एवढाच हेतू. पुढे तो इतरांच्याही उपयोगी पडला. मला हीच वाट पटते: आधी एका माणसाची एक अडचण पुरती सोडवायची, मग पुढची.

आणि दुरुस्तीची सोय पहिल्या दिवसापासून हवी. चालण्यासाठी अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा वापरणाऱ्या एका माणसाचं चालणं २०२४ साली एका किरकोळ बिघाडानं बंद पडलं. यंत्र जुनं झालं म्हणून बनवणाऱ्यांनी आधी ते दुरुस्त करायला नकार दिला. बातम्या झाल्यावर काम झालं. जो हात माणसाला जेवू घालतो, त्याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील, हे तो हात घरात येण्याआधी कागदावर लिहून मिळालं पाहिजे.