त्याने स्वतःला रिक्त केलं

श्रोतेहो, नमस्कार. आम्हा ख्रिस्ती लोकांचा पवित्र सप्ताह सुरू आहे. उद्या गुरुवार. संध्याकाळी पुण्यातल्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये डोकावलात, तर दिसेल की फादर अंगावरचं जरीचं वस्त्र उतरवून ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. लहानपणी मला त्या उतरवून ठेवलेल्या वस्त्राचीच काळजी वाटायची. ते अंगावर नसताना फादर फादरच असतात का? पुढे कळलं, हाच प्रश्न मोठमोठ्या विद्वानांनी देवाबद्दल विचारला आहे.

त्याचं मूळ बायबलमधल्या एका पत्रात आहे, ख्रिस्ताचा प्रेषित संत पौल याच्या. तुरुंगातून त्याने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं, की ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा असूनही देवाशी असलेली बरोबरी धरून बसला नाही; त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं आणि क्रुसावरचं मरणही पत्करलं. ग्रीक क्रियापद आहे 'केनोओ', म्हणजे रिकामं करणं. त्यावरून या विचाराला 'केनोसिस' म्हणतात. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना वसवलेली, आपल्या नागरिकत्वाचा अभिमान असलेली. आणि क्रूस ही तर गुलामांची, बंडखोरांची शिक्षा. त्या गावात देवाच्या पुत्राला 'दास' म्हटलेलं पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला असेल.

पण रिक्त केलं म्हणजे नेमकं काय केलं? १९व्या शतकात जर्मनीत गॉटफ्रीड थोमासियस या धर्मपंडिताने मांडलं, की सर्वज्ञता, सर्वशक्ती आणि सर्वव्यापित्व ख्रिस्ताने पृथ्वीवर असताना बाजूला ठेवलं. प्रेम, पावित्र्य, सत्य राखलं. त्याशिवाय बाळ येशू ज्ञानाने वाढत गेला, हे शुभवर्तमानातलं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातलं, वाक्य खरं कसं मानायचं? त्याची अडचण मला रास्त वाटते. टीकाकारांनी उलट विचारलं, मग तेवढा काळ विश्व कोणी सांभाळलं? गुण वजा झालेला देव, देव उरतो का? ४५१ साली खाल्केदोनला भरलेल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने तर ठरवलं होतं, की ख्रिस्त पूर्ण देव आहे आणि पूर्ण मनुष्यही. दोन्ही स्वभावांची सरमिसळ होत नाही आणि फारकतही होत नाही.

मी पुन्हा पौलाच्या वाक्याकडे जाते. रिक्त केलं, ते कसं? दासाचं रूप घेऊन. वजाबाकी मला तिथे सापडत नाही. घेण्यातच रिकामं होणं आहे, जसं पोटाशी धरलेलं लेकरू आईची झोप घेतं आणि ती आई म्हणून तसूभरही कमी होत नाही.

मराठी कानांना हे परकं वाटू नये. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन पाणी भरायचा, ही कथा ख्रिस्ती घरात वाढूनही मी शेजारच्या आजींकडून कितीदा ऐकली आहे. फरक मात्र पुसू नये. ओळख पटली आणि श्रीखंड्या अंतर्धान पावला. ख्रिस्त पुनरुत्थानानंतरही थोमा या शिष्याला हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवतो. घेतलेलं माणूसपण तो टाकून देत नाही. शुभवर्तमान लिहिणारा योहान सांगतो, पाय धुऊन झाल्यावर येशूने आपली वस्त्रं पुन्हा घातली. कमरेचा टॉवेल सोडल्याचं त्याने कुठे लिहिलेलं नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हा उपदेश फार वेळा चुकीच्या माणसाला ऐकवला गेला. सासरी राबून पिचलेल्या बाईला, पिढ्यानपिढ्या ज्याच्या हातात झाडूच दिला त्या माणसाला 'नम्र हो, स्वतःला रिक्त कर' म्हणायचं? धरून बसावं असं त्यांच्या हातात होतं तरी काय? पौलाचं वाक्य 'देवाच्या स्वरूपाचा असूनही' इथून सुरू होतं, हे विसरता येत नाही.

पंडिता रमाबाईंच्या हातात मात्र पुष्कळ होतं. संस्कृतवरच्या प्रभुत्वासाठी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. १८९० साली त्यांनी विधवांना शिकवणारं आपलं शारदासदन मुंबईहून पुण्यात आणलं आणि पुढे दुष्काळात सापडलेल्या मुली-बायकांना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी तिथे बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. संस्कृत जिभेवर असताना त्या शब्द शोधत बसल्या ते साधे, थोडं शिकलेल्या बाईलाही वाचून कळतील असे. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं, मुक्तीच्याच छापखान्यातून. त्याच्या अक्षरांचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी.