‘भाडं कोणाला देऊ?’ : वारशानं आलेले भाडेकरू आणि थकबाकी

(पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांच्या मालकांसमोर एका ज्येष्ठ वकिलांनी दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.)

वडील गेले, तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी थोरला मुलगा माझ्या कचेरीत आला. बसायच्या आधीच म्हणाला, “वकीलसाहेब, खालच्या दोन खोल्यांतल्या बिऱ्हाडानं सव्वीस महिने भाडं दिलेलं नाही. थकबाकीवर काढता येईल ना?”

हा प्रश्न मी चाळीस वर्षं ऐकतोय. आज समोर बसलेल्यांपैकी निम्मे तोच मनात धरून आले असतील. माझं उत्तर घरमालकांना आवडत नाही, तरी सांगतो. थकबाकी वसूल करता येते. थकबाकीवर घर रिकामं करून घेता येईल, या भरवशावर मात्र राहू नका.

का, ते आकड्यांत बघू. त्या बिऱ्हाडाचं भाडं महिना ३०० रुपये. सव्वीस महिन्यांचे ७,८०० झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १५. आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबायचं. त्या नव्वद दिवसांत त्यानं पैसे आणून दिले तर विषय संपला. नाही दिले तर दावा लावा. समन्स लागलं की त्याला पुन्हा नव्वद दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं थकलेलं भाडं आणि त्यावर दरसाल १५ टक्क्यांनी सरळव्याज कोर्टात भरलं, पुढे भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, की थकबाकीच्या मुद्द्यावर ताब्याचा हुकूमनामा, म्हणजे जागा रिकामी करून देण्याचा कोर्टाचा आदेश, होत नाही. सव्वीस महिन्यांचं व्याज मी त्या मुलासमोर कागदावर मांडलं, ते साधारण बाराशे रुपये निघालं. म्हणजे नऊ हजारांत भाडेकरूचं घर वाचतं, आणि माझी फी त्याहून जास्त. मुलगा कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मग कायदा कशाला आहे?”

त्याला बरं वाटेल असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. कायदा भाडेकरूच्या बाजूनं झुकलेला आहे, आणि तो तसा का झाला हे माहीत असलेलं बरं. १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा युद्धानंतरच्या घरटंचाईतून आला. तात्पुरता म्हणून आला आणि मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं टिकला. १ सप्टेंबर १९४० ची भाडी त्यानं गोठवून टाकली. या गोठवलेल्या भाड्यांच्या तरतुदी आता अवाजवी आणि मनमानी झाल्या आहेत, असं १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं. कायद्याची मुदत संपत आली होती, म्हणून तो रद्द मात्र केला नाही. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं दरसाल चार टक्क्यांनी वाढवता येतं. पण मूळ भाडंच पंच्याऐंशी रुपये असेल तर चार टक्के म्हणजे तीन रुपये चाळीस पैसे. वाड्याचं छप्पर एकदा शाकारून घ्यायला काय लागतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

(जाता जाता एक. भाडेकरू बँक असेल, सरकारी उपक्रम असेल, किंवा एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेली कंपनी असेल, तर हा कायदा लागूच होत नाही. रस्त्याकडेच्या गाळ्यात बँक असेल, तर आज बाकीचं ऐकू नका, मला नंतर भेटा.)

आता भाडं थकतं कशामुळे, ते बघू. तुमचा समज असा की भाडेकरू बुडवा आहे. असतातही तसे. पण वारशानं आलेल्या भाडेकरूंत मला बहुतेक वेळा वेगळंच दिसलं, आणि त्याचा पहिला धडा मला स्वतःच्या घरातच मिळाला.

माझ्या आत्याचा नारायण पेठेत वाडा होता. मागच्या अंगाला एक बिऱ्हाड होतं. मूळ भाडेकरू वारले आणि त्यांचा मुलगा तिथेच राहू लागला. आत्याला कोणीतरी सांगितलं की मुलाकडून भाडं घेतलंत तर तुम्ही त्याला भाडेकरू म्हणून कबूल केलं असं होईल. झालं! आत्यानं भाडं घेणं बंद केलं. तो दारात यायचा, आत्या “नको” म्हणायची. मग तो मनीऑर्डर करू लागला. पोस्टमन यायचा, आत्या आतूनच सांगायची, “परत न्या.” असं नऊ वर्षं चाललं.

आत्या गेली. वाडा माझ्या नि माझ्या चुलतभावाच्या नावावर आला. मी तेव्हा तरुण, वकिलीत नवा आणि भलताच हुशार. आत्याची वही काढली, बाकी मोजली आणि नऊ वर्षांच्या भाड्याची नोटीस ठोकली. चौथ्या दिवशी तो गृहस्थ माझ्याकडे आला. काखेत श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा होता. झाकण उघडून त्यानं टेबलावर उपडा केला. आत मनीऑर्डरीच्या पावत्या होत्या, महिन्यावारी लावून रबरबँड घातलेल्या. काही रबर वितळून कागदाला चिकटले होते. परत आलेल्या मनीऑर्डरींवर पोस्टाचा शेरा होता : ‘घेण्यास नकार’. आत्याचाच नकार.

तो एवढंच म्हणाला, “मी भाडं कधी थांबवलं, ते सांगा.”

भाडं द्यायला जो तयार आणि राजी आहे, त्याला या कायद्याखाली काढता येत नाही, मग पैसे प्रत्यक्ष तुमच्या खिशात आलेले असोत वा नसोत. शिवाय मी मागितलेल्या नऊ वर्षांपैकी सहा वर्षांचं भाडं मुदतबाह्य झालं होतं. भाड्याच्या वसुलीला मुदत तीन वर्षांची. वकील असून मी ते विसरलो, कारण तेव्हा मी वकील म्हणून नोटीस काढत नव्हतो, घरमालक म्हणून चिडलो होतो. नोटीस मागे घेतली. त्याला चहा पाजला. तीन वर्षांचं भाडं त्यानं तिथल्या तिथे मोजून दिलं.

मालक गेल्यावर भाडेकरूला खरोखरच कळत नाही की भाडं कोणाला द्यायचं. मोठा भाऊ सांगतो मला दे, धाकटा सांगतो त्याला देऊ नकोस, बहीण अमेरिकेतून फोन करते की आमचं ठरेपर्यंत कोणालाच देऊ नका. भाडेकरूला तेच हवं असतं! तो पैसे बाजूला टाकतो, मग एखाद्या लग्नात ते खर्च होतात, आणि तीन वर्षांनी तुमच्या डोळ्यांत तो थकबाकीदार ठरतो.

म्हणून पहिलं काम आपल्या घरातलं. मृत्युपत्र असेल तर ते, नसेल तर वारसनोंद, कोणी हक्क सोडला असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र, आणि प्रॉपर्टी कार्डावर नावं. मग प्रत्येक भाडेकरूला साधं पत्र : अमुक तारखेला वडील वारले, आता मालक आम्ही अमुक जण, भाडं अमक्याकडे या खात्यात भरावं, पावती मिळेल. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत. पत्र हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोस्टानं पाठवलंत तर त्याची पोच जपून ठेवा. भाऊबहिणींचं एकमत नसेल तरी भाडं स्वीकारायला एक माणूस नेमा, वाटणीचं भांडण नंतर सवडीनं करा. सहमालकांपैकी एकटाही दावा लावू शकतो, बाकीच्यांची हरकत नसली म्हणजे झालं. तेव्हा ‘भाऊ परदेशात आहे, सही कशी आणू’ म्हणून अडून बसू नका.

वाडा विकत घेतलेले कोणी आहेत का इथे? हं, दोघं-तिघं आहेत. तुमचं गणित निराळं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे खरेदीच्या आधीची थकबाकी तुम्हाला आपोआप मिळत नाही. ती जुन्या मालकाची. खरेदीखतात ती तुमच्या नावे करून घेतलेली हवी. आणि खरेदीची खबरच नसल्यानं भाडेकरूनं जुन्या मालकाला भाडं दिलं, तर ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा मागता येत नाही. वारसाचं तसं नाही. वडिलांचं येणं ते वारसाचं येणं, फक्त तीन वर्षांची मुदत सांभाळा.

वारसा एकट्या मालकाचा नसतो, भाडेकरूचाही असतो. राहत्या जागेचा भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस कायद्यानं भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारस, आणि वारसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. तुम्ही काय करता? वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाच्या नावानं पावत्या फाडत राहता. मुलाच्या नावानं फाडली तर तो भाडेकरू होईल, ही भीती. अहो, तो व्हायचा असेल तर झालेलाच आहे! तुमच्या पावतीनं काही अडत नाही. उलट मृताच्या नावाची पावती कोर्टात पुढे आली की तुमच्याच कारभाराचं हसं होतं. नोटीस काढताना मात्र जपा. वारस एकत्र भाडेकरू धरले जातात आणि एकाला दिलेली नोटीस सगळ्यांना लागू पडते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली म्हटलंय. तरी मी सगळ्यांना पाठवतो, लग्न होऊन नाशिकला गेलेल्या मुलीलासुद्धा. एका पाकिटाच्या खर्चात पुढचा एक वाद वाचतो.

पावतीबद्दल आणखी थोडं, कारण पावती देणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि सगळा पुरावा तिथेच असतो. पावतीपुस्तकाला स्थळप्रत हवीच. पावतीवर कोणत्या महिन्याचं भाडं ते लिहा. ‘भाड्यापोटी’ असं मोघम लिहिलंत तर आलेले पैसे जुन्या बाकीत धरायचे की चालू महिन्यात, यावर दोन वर्षं तारखा पडतात. मिळकतकरातली वाढ कायद्याप्रमाणे भाडेकरूकडून घेत असाल तर ती भाड्यात कालवू नका, वेगळी दाखवा. हल्ली फोनवरून भाडं येतं. चांगलंच आहे, पण शेऱ्यात महिना लिहायला सांगा.

आता मघाच्या त्या मुलाकडे वळतो. त्याला मी दावा लावू नको म्हटलं नाही. कधीकधी लावावा लागतो. आणि दावा लागल्यावर पुढे जे घडतं ते भाडेकरूंना माहीत नसतं, मालकांनाही नसतं. पहिली रक्कम सगळे भाडेकरू भरतात. त्यांचा वकील घाई करतो, घरातलं कोणी कुठून तरी पैसे आणतं, शिवाजीनगरला लघुवाद न्यायालयात चलन भरलं जातं, नाझराकडची, म्हणजे कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडची, पावती मिळते, घरी पेढे वाटले जातात. मग दावा चालतो सहा वर्षं, आठ वर्षं. कलम १५ सांगतं की दावा अखेर निकाली निघेपर्यंत भाडं नियमित भरत राहायचं. दर महिन्याला तीनशे रुपयांसाठी कोर्टात कोण जाणार? तो सहा महिन्यांचं एकदम भरतो, मग वर्षाचं, मग आजारपण येतं आणि राहूनच जातं. ‘नियमित’ या शब्दाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं जुन्या कायद्याखाली कडकच लावलेला आहे. मी जिंकलेले थकबाकीचे दावे बहुतांशी अशा पुढच्या हप्त्यांवर जिंकलेले आहेत. तेव्हा मालकानं कोर्टातल्या भरण्याचा तक्ता ठेवावा आणि भरलेली रक्कम आपल्याला मिळावी म्हणून अर्जही करावा. ती कोर्टात पडून राहू देण्यात काही शहाणपण नाही.

आणि भाडेकरूंपैकी कोणी इथे मागे बसलेले असतील, आहेत असं मला दिसतंय, त्यांनीही हे ऐकून ठेवावं.

जागाच हवी असेल तर थकबाकीपेक्षा दुसरी कारणं तपासा. तुमच्या मुलाला राहायला खरोखर जागा लागते का? मग गरजेचं कारण आहे. मात्र जास्त गैरसोय कोणाची, तुमची की भाडेकरूची, हे कोर्ट तोलून बघतं. खोलीला सहा महिन्यांहून जास्त काळ सबळ कारणाशिवाय कुलूप आहे का? भाडं थकलेल्या खोल्यांपैकी कितीतरी कुलूपबंद असतात. मालक मात्र तीनशे रुपयांचा हिशेब करत बसतो, कुलपाला चढलेला गंज त्याच्या डोळ्यांत भरत नाही. विजेची बिलं, शेजाऱ्यांची साक्ष, दाराशी पडलेली पत्रं, हे जमवा.

एक काम कधीच करू नका. माझ्या एका अशिलानं रागाच्या भरात चौकातल्या नळाची तोटी काढून नेली. वरच्या मजल्यावर पंचाहत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी रिकामी कळशी नळाखाली ठेवली आणि तिच्या शेजारी स्टूल टाकून तशाच बसून राहिल्या, पोलीस येईपर्यंत. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासची सफाई, यांतलं काहीही तोडणं भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो. थकबाकीचा दावा राहिला बाजूला, आम्ही तोटी परत बसवण्याच्या हुकमाला उत्तरं देत बसलो.

कोणीतरी विचारतंय, त्या मुलाचं काय झालं? त्यानं दावा लावला नाही. पत्र पाठवलं. भाडेकरूनं आधी सहा महिन्यांचं दिलं, उरलेलं दोन दिवाळ्यांत. आणि माझ्या आत्याकडचा तो गृहस्थ म्हणाल, तर तो आता नाही. त्याची नात तिथे राहते. पाच तारखेच्या आत पैसे फोनवर येतात, तरीही महिन्याच्या शेवटी ती पावती न्यायला येते. मी म्हटलं, “अगं, बँकेत नोंद असते.” ती म्हणाली, “असू दे. आजोबांनी सांगितलंय, या घराची पावती कागदावरच घ्यायची.”