एका दाढेसाठी

(क्लोजअप: बाटली, सिस्टरचे हात)

ह्या बाटलीत तळाला पांढरी पावडर दिसतेय ना, ते फॅक्टर 8. रक्त गोठायला लागणारं प्रोटीन. सिस्टर त्यात पाणी सोडतायत आणि बघा, बाटली हलवत नाहीयेत, दोन तळव्यांमधे हळूहळू फिरवतायत, कारण जोरात हलवली की फेस होतो. अशा 3 बाटल्या, प्रत्येकी 250 युनिटच्या. पोरगा 11 वर्षांचा, वजन 28 किलो. किलोमागं 1 युनिट दिलं की रक्तातलं प्रमाण साधारण 2 टक्क्यांनी चढतं, आणि ह्याच्या अंगात स्वतःचं 1 टक्का पण नाही. आज ते 50 च्या पुढं न्यायचंय. एका किडलेल्या दाढेसाठी.

हिमोफिलिया ए, म्हणजे हे फॅक्टर 8 जन्मापासूनच कमी, त्यामुळं रक्त लवकर थांबत नाही. कळलं कसं, तर तोंडावरूनच. वर्षाचा होता, नुकता चालायला लागलेला, पडला आणि वरच्या ओठाच्या आतली ती बारीक पट्टी असते ना, ती फाटली. आईनं हळद दाबली, बर्फ लावला, रात्रभर झिरपतच राहिलं, सकाळी शी काळी झाली कारण रक्त सगळं गिळलं होतं.

(आई, खिडकीपाशी)

आईच्या भावाला पण असंच व्हायचं. तो मामा लहानपणीच गेला, दात काढल्यावर.

आता ह्या हिरड्या नीट बघा. लालभडक, फुगलेल्या, दातांच्या मुळाशी पिवळा थर. ब्रश केला की रक्त यायचं म्हणून घरच्यांनी घाबरून ब्रशच बंद केला, बोटानं मंजन लावायचं आणि चूळ भरायची. आणि इथंच चुकतं हो! थर साचला की हिरडी सुजते, सुजली की अजून रक्त, मग अजून भीती, आणि शेवटी दाढ किडते. मऊ ब्रश दोन वेळ चालू असता तर ह्या 3 बाटल्या कदाचित लागल्याच नसत्या.

(खुर्ची, दिवा लागतो)

फॅक्टर शिरेतून गेलं, मगच भुलीचं इंजेक्शन. खालच्या दाढेला सुई जबड्याच्या मागं खोल जाते, तिथं आत रक्त साठलं तर गळ्याकडं सरकून श्वास अडकू शकतो, म्हणून हा क्रम कधी उलटा नाही. डॉक्टर घाई करत नाहीत, दाढ हलवत हलवत सोडवतात, खड्ड्यात स्पंज बसवतात, दोन टाके, वर गॉज, आणि पोराला सांगतात दाब, बाळा, दाब.

तोंडातली गुठळी टिकत नाही ह्याला लाळ पण कारण आहे, तिच्यात गुठळी विरघळवणारे घटक असतात. त्यावर ट्रानेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांच्या नवऱ्यानं 1962 साली शोधलेलं, बाळंतपणात रक्त जाऊन बायका मरायच्या ते थांबवायचं म्हणून. इथं त्याचीच गोळी कुटून पाण्यात, दोन मिनिटं तोंडात धरायची. दुखलं तर पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन अजिबात नाही.

(ओपीडीतले फोटो)

तोंडात रक्त येतंय म्हणजे हिमोफिलियाच असेल असं नाही. टाळूवर हे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, गालाच्या आत काळपट रक्ताचे फोड, म्हणजे प्लेटलेट कमी असू शकतात. हिरड्या अचानक सुजून दात झाकायला लागल्या, सोबत ताप आणि थकवा, तर आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, रक्ताच्या कॅन्सरमधे पण असं होतं. दात काढायच्या आधी डेंटिस्टनी एवढं तरी विचारावं, आधी कधी रक्त थांबायला वेळ लागला का, घरात कुणाला, मामाला?

(वॉर्ड, दुसरी सकाळ)

गुठळी जागेवर आहे, गडद लाल, घट्ट. पोरगा बेसिनपाशी, दुसऱ्या बाजूचे दात घासतोय, नवा मऊ ब्रश. फेस थोडा गुलाबी झाला, आईचा हात पुढं आला, सिस्टर म्हणाल्या, चालू दे ताई.

सातव्या दिवशी परत यायचंय. तोवर मऊ भात, गार दूध, आणि स्ट्रॉ नाही.