पत्त्यांना हातही लावला नाही

नमस्कार. सुरुवात एका आठवणीने करतो. एकदा काही ओळखीच्या लोकांत बसलेलो असताना मी पत्त्यांच्या जादूचा एक साधा प्रयोग केला. पत्ते मीच पिसले, मीच पसरले, आणि शेवटी एकेक उलटून टेबलावर मांडलेही मीच. महिनाभराने ज्या बाईंवर तो प्रयोग झाला होता, त्या माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला तरी सांगत होत्या, "यांनी पत्त्यांना हातही लावला नाही, आणि माझा पत्ता बरोबर निघाला!" त्या थापा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. तेव्हापासून कुठलाही प्रयोग बसवताना मी स्वतःला आधी एकच विचारतो : हे पाहिलेला माणूस उद्या घरी जाऊन काय सांगेल?

तुमच्यापैकी बहुतेकांना रंगमंचावर जायचं नाहीये. चार माणसं जमली की खिशातून काहीतरी काढून दहा मिनिटं मजा आणायची आहे. त्यासाठी महागडी पेटी लागत नाही की वर्षानुवर्षांची बोटांची साधना लागत नाही. नाणं, रबरबँड आणि पत्त्यांचा कॅट एवढ्यावर भागतं.

पत्त्यांपासूनच सुरू करू. वीसेक पत्ते घ्या. सगळे बावन्न लागत नाहीत, आणि कमी पत्त्यांत प्रयोग रेंगाळत नाही. पत्ते पिसून झाल्यावर गठ्ठा सरळ करायला तो आपण टेबलावर उभा ठोकतो ना, त्या वेळी तो किंचित आपल्याकडे कलवला की तळाचा पत्ता दिसतो. तेवढा पाहून ठेवा. समजा, किलवरची राणी आहे. आता पत्ते पालथे पसरा आणि समोरच्या व्यक्तीला एक घ्यायला सांगा. त्या पत्ता पाहतील, लक्षात ठेवतील. तोवर तुम्ही पसरलेले पत्ते गोळा करून गठ्ठा टेबलावर पालथा ठेवा आणि हात मागे घ्या. हे हात मागे घेणं फार महत्त्वाचं आहे. त्यांनी आपला पत्ता गठ्ठ्यावर ठेवायचा, मग वरून साधारण अर्धे पत्ते उचलून बाजूला ठेवायचे, आणि खाली उरलेले पत्ते त्यांच्यावर ठेवायचे. म्हणजे पत्ते काटायचे. आता काय झालं बघा. खालच्या गठ्ठीच्या तळाला आपली राणी होती. ती बरोबर त्यांच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसली.

त्यांना आणखी दोनदा, तीनदा काटू द्या, बिनधास्त. पत्त्यांची एक गोल माळ आहे असं समजा. काटणं म्हणजे ती माळ फक्त वेगळ्या ठिकाणी तोडून धरणं. मण्यांचा क्रम बदलत नाही. मात्र पिसू देऊ नका. पिसलं की माळच तुटली.

आता पत्ते उचला, वरून एकेक उलटत डावीकडून उजवीकडे रांगेत मांडा. राणीच्या लगेच उजवीकडे येईल तो त्यांचा पत्ता. कधीतरी राणी अगदी शेवटी येते. मग त्यांचा पत्ता रांगेत पहिला आहे. घाबरायचं कारण नाही.

इथे बरेचजण घाई करतात. राणी दिसली की पुढच्या पत्त्यावर झडप घालून "हा तुमचा!" असं ओरडतात. दुसरा एक प्रकार पुष्कळ चालतो. मुद्दाम चुकल्याचं सोंग करायचं, समोरच्याला पैज लावायला भरीस पाडायचं आणि मग तोंडघशी पाडायचं. मला तो मनापासून आवडत नाही. ज्या माणसाने विश्वासाने पत्ता उचलला, त्यालाच चारचौघांत हरवून काय मिळवलं? मी असं करतो : सगळे पत्ते मांडून झाले की त्यांना म्हणतो, "बोट पत्त्यांवरून सावकाश फिरवा. मी तुमच्या चेहऱ्याकडे बघतो." आणि खरोखर चेहऱ्याकडेच बघतो. पत्ता कुठे आहे हे मला माहीत आहे, त्यामुळे बोट कुठवर आलंय ते डोळ्यांच्या कोपऱ्यातूनही पुरेसं दिसतं. बोट पत्त्यावर आलं की "थांबा!" प्रयोगात पत्ता त्यांनी ठेवला, काटला त्यांनी, शोधलाही त्यांच्याच बोटाने. माणसाला आपल्या हातांनी केलेलं ठळक आठवतं, आणि माझं पिसणं, मांडणं हळूहळू पुसट होत जातं. त्या बाईंच्या वाक्याचं रहस्य हेच होतं.

एकवीस पत्त्यांचा प्रयोग तुम्ही सर्वांनी लहानपणी केला असेल. तीन ओळी, प्रत्येकी सात पत्ते, सांगितलेली ओळ दोन ओळींच्या मध्ये घालायची, असं तीनदा, आणि पत्ता बरोबर अकरावा. गणित देखणं आहे, पण 63 वेळा पत्ता मांडताना बघणाऱ्याला जांभया येतात. तेच नऊ पत्त्यांवर करा. तीन ओळी, प्रत्येकी तीन. पहिली खूण मिळाल्यावर ती ओळ मध्ये घालून पत्ते गोळा करा आणि पुन्हा मांडा. दुसऱ्यांदा ओळ सांगितली की त्या ओळीतला मधला पत्ता त्यांचा. 18 वेळा मांडणं, बास.

आता नाणं. ही खरी हातचलाखी, आणि इथे मात्र सराव हवा. डावा तळवा वर, नाणं अंगठा आणि बोटांच्या टोकांत कडेने धरलेलं. उजवा हात ते घ्यायला येतो. त्याचा अंगठा नाण्याच्या खालून जातो, चार बोटं पुढून नाणं झाकतात. ज्या क्षणी ते झाकलं जातं, त्या क्षणी डावा अंगठा सैल पडतो, नाणं डाव्या हातातच घरंगळतं, आणि उजवी मूठ रिकामीच मिटून पुढे निघते. शिकणारे आरशासमोर पन्नास वेळा हेच करतात आणि तरी ते खोटं दिसतं. कारण ते नाणं खरोखर कसं घेतात, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून आधी दहा वेळा नाणं खरोखर घ्या. उजवी मूठ किती आवळली जाते, डावा हात नंतर कसा सैल होऊन खाली जातो, मान कुठे वळते, हे नीट बघा. मग अकराव्या वेळी नाणं तिथेच सोडा आणि बाकी सगळं तसंच करा. चोरासारखा ताठरलेला डावा हात सगळं फोडतो.

आणि नजर! तुमची नजर उजव्या मुठीबरोबर गेली पाहिजे. 2006 मध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो. तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो, चेंडू हातातच असतो, पण नजर वर जाते. पाहणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी सांगितलं, चेंडू वर जाताना आम्ही पाहिला. जादूगाराने नजर हाताकडेच ठेवली तेव्हा हे प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. नसलेला चेंडू लोकांना दिसतो तो समोरच्या माणसाच्या डोळ्यांमुळे. तुम्ही उजव्या मुठीवर स्वतः विश्वास ठेवा, तेही ठेवतील. मूठ लगेच उघडू नका. हलकेच फुंकर घाला, एक-दोन वाक्यं बोला. नाणं गेलं कधी आणि ते कळलं कधी, यांत जेवढं अंतर पडेल, तेवढा माग काढणं अवघड. फक्त तुमच्या डाव्या बाजूला मागे कुणी बसलं नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

अशी गुपितं उघड सांगू नयेत, असं काहीजण मला म्हणतात. 1584 मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने चेंडू, नाणी आणि पत्त्यांच्या हातचलाख्या पुस्तकात खुल्या करून छापल्या. लोकांना चेटकीण ठरवून मारलं जात होतं, आणि असे प्रयोग करायला सैतान लागत नाही हे त्याला दाखवायचं होतं. सव्वाचारशे वर्षं उलटून गेली, तरी त्याच चलाख्यांवर आजही लोक टाळ्या देतात. शिकणाऱ्याला शिकवावं. ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला मात्र त्याच बैठकीत उलगडून सांगू नये. त्याने नुकतीच मिळालेली चकित होण्याची मजा त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होतं.

शेवटचा रबरबँडचा. हा सगळ्यात सोपा, आणि लहान मुलांना तर अतोनात आवडतो. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बुडाशी रबरबँड घाला, हाताची पाठ प्रेक्षकांकडे. दुसऱ्या हाताने रबरबँड तळव्याच्या बाजूने ओढून दाखवा, "खरा आहे बरं." तो ताणलेला असतानाच मूठ मिटा आणि चारही बोटांची टोकं त्या ताणलेल्या फटीत सरकवून रबर सोडा. समोरून अजून तो दोन बोटांवरच दिसतो. बोटं झटकन उघडा. रबरबँड अनामिका आणि करंगळीवर उडी मारतो. मग दुसरा रबरबँड घेऊन चारही बोटांच्या टोकांशी, प्रत्येक दोन बोटांमध्ये एकेक पीळ देत अडकवा. "आता कुलूप लावलं." पहिला तरीही उडी मारतो, कारण कुलूप त्याच्या वाटेत कधी नव्हतंच.

प्रत्येक खुर्चीवर दोन रबरबँड ठेवले आहेत, ते घ्या. जोड्या करा. एकाने प्रयोग करायचा, दुसऱ्याने बघायचं, आणि संपल्यावर काय पाहिलं ते शेजारच्या जोडीला एका वाक्यात सांगायचं. करणाऱ्याने ते वाक्य नीट ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. चला, करा सुरू.