आजोबांची डिलाइट

(गाडी समोरून दिसते. मागे कोल्हापूरच्या उद्यमनगरातली पत्र्याची शेड, लेथचा आवाज.)

ही फियाट अकराशे डिलाइट. मॉडेल १९६८, मुंबईच्या कुर्ल्यातल्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. रस्त्यात बघणारे सगळे हिला पद्मिनीच म्हणतात आणि बॉडी जवळपास तीच असल्यामुळे कुणाला दुरुस्त करायला जात नाही मी, पण पद्मिनी हे नाव आलं १९७४ मध्ये, ही त्याच्या आधीची. आमच्या घरात मात्र "गाडी काढ" म्हटलं की हीच, दुसरी गाडी आली तरी ती "बाबांची गाडी" आणि ही नुसती "गाडी".

माझे आजोबा कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत चालवायचे. ही गाडी त्यांनी एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली, कारण नवीन फियाट बुक केली तर हातात यायला वर्षानुवर्षं लागायची. तेव्हा देशात कार बनवणारे मोजकेच, कोलकात्याकडे हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर, चेन्नईत स्टँडर्ड, आणि बाहेरून गाडी आणायची सोय जवळजवळ बंद. प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये, म्हणजे मूळचा सोलापूरचा माणूस, आणि आजोबांना या गोष्टीचा भारी अभिमान. आपल्या भागातल्या माणसानं काढलेल्या कारखान्याची गाडी आहे, असं ते पाहुण्यांना आवर्जून सांगायचे.

आजोबा गेले तेव्हा गाडी बरीच वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. चारही टायर बसलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ती कुणी घ्यायची यावर घरात फार बोलणं झालं नाही, गाडीच्या मागे मागे फिरणारा मीच होतो. आत्यानं एकच अट घातली, विकायची नाही.

आता कागदाचं सांगतो, कारण पुष्कळ घरांमध्ये अशी गाडी उभी असते आणि लोक इथंच अडकतात. मालक वारला की आरटीओला तीस दिवसांत कळवायचं असतं, आणि गाडी पुढे वापरायची तर तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची असते. सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. आजी, बाबा, काका, आत्या सगळ्यांच्या सह्या एकाच दुपारी झाल्या, आजीनं सही करायच्या आधी विचारलं, "चालू करणारैस नव्हं? नुसती पुसून ठेवू नकोस."

(बोनेट उघडतं. इंजिन जवळून.)

१०८९ सीसी, चार सिलेंडर. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. बरीच वर्षं बंद असलेल्या इंजिनला डायरेक्ट सेल्फ मारायचा नाही, ही पहिली गोष्ट मेस्त्रींनी सांगितली. पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेल्या असतात, जोर लावला तर रिंग तुटते आणि बोअरला ओरखडे पडतात. म्हणून चारही प्लग काढून आत ऑइल सोडलं, काही दिवस तसंच राहू दिलं, मग पुढून हँडल घालून हलक्या हातानं फिरवून बघायचं. ज्या दिवशी ते पहिल्यांदा सरकलं त्या दिवशी मेस्त्रींनी काहीही न बोलता सगळ्यांसाठी चहा सांगितला.

हेड काढलं तर खरा प्रॉब्लेम दिसला. आजोबांच्या काळात रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालायचे, कूलंट वगैरे कोण घालतंय. त्या क्षाराच्या पाण्यानं हेडमधली पाण्याची भोकं कडेनं खाल्ली गेली होती, हे बघा, इथं पेन्सिलचं टोक आत जातंय. तिथं वेल्डिंग करून भर घातली आणि मग फेस मारून हेड सपाट केलं. बोअर तर आधीच दोनदा वाढवून झालेला, आता अजून वाढवला तर भिंत पातळ होणार, म्हणून चारही सिलेंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून नवीन नळ्या, घातल्या आणि बोअर परत मूळच्या ६८ मिलिमीटरवर आणला. हे सगळं काम उद्यमनगरात झालं. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिनं लागायची, ती बनवता बनवता आणि दुरुस्त करता करता या भागात लेथवर हात बसलेली माणसं तयार झाली, आणि तो हात अजून आहे. मुंबई-पुण्याला गाडी पाठवा असं खूप जणांनी सुचवलं, मला त्याची गरज कधीच वाटली नाही.

(डिकी उघडते. तळाचा पत्रा.)

हा भाग मला सगळ्यात जवळचा. या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, त्यामुळे खालचा पत्रा सडला की नुसती शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते. डिकीतलं रबर उचललं तर पत्र्याच्या जोडात काळं, चिवट, कडक झालेलं काहीतरी भरलेलं. पेंटर म्हणाला डांबर असणार. मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरनं थोडं खरवडलं, गॅसच्या ज्योतीजवळ नेलं आणि शेडभर गुळाचा वास सुटला. आजोबा नमुन्याचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपी, याच डिकीतून न्यायचे. गूळ पावसाळ्यात पाझरतो, तो पाझर जोडात जाऊन बसला, आणि गूळ हवेतली ओल धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्याखालचा पत्रा वर्षानुवर्षं ओलाच राहिला आणि चाळणी झाला. तेवढा पत्रा कापून नवीन तुकडा घातला, वर रेड ऑक्साइड. कापलेला तुकडा मी काकाला नेऊन दाखवला, तो बराच वेळ हातात धरून बसला होता.

गाडी नीट करायची म्हणजे नक्की कशी करायची, हा प्रश्न मला खऱ्या अर्थानं पडला तो गिअरमुळे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत रॉड जातात, आणि त्या रॉडच्या जोडातले बुश, म्हणजे छोट्या कड्या, झिजले की सेकंड शोधत बसावा लागतो. मेस्त्री खाली झोपून बुश काढत होते, आणि बाहेर आले ते दोन पितळी बुश घेऊन. कंपनीचे नव्हेत. कुणीतरी इथंच लेथवर काढलेले, कड हातानं कानशीनं मारलेली, एकावर बोटभर जागेत खूण म्हणून छिन्नीचे दोन घाव. आजोबांनी कधी आणि कुणाकडून करून घेतले, कुणालाच माहीत नाही. "काम बघा की," मेस्त्री म्हणाले, "मोजून केलंय. ह्यो अजून चालतोय, ह्यो गेला." मी विचारलं, ओरिजिनल मिळतात का बघू? तर म्हणाले, "मिळतील, पण ह्येच्याएवढं टिकायचं न्हाईत."

खूप जण सांगतात की गाडी शोरूममधून आली तशी झाली पाहिजे, एकही बाहेरचा पार्ट नको. दुसरी बाजू एसी, पॉवर स्टिअरिंग, अलॉय व्हील सगळं बसवायला निघते. मला दोन्ही पटत नाही. ही गाडी कारखान्यात काही दिवस होती, आजोबांकडे अख्खं आयुष्य होती. त्यांनी ज्या गोष्टी करून घेतल्या त्या काढून टाकल्या तर फियाट उरेल, आमची गाडी उरणार नाही. म्हणून एक पितळी बुश तसाच परत बसवला आणि दुसरा त्याच मापानं नवीन काढला. डॅशबोर्डवर छोट्या पंख्यासाठी आजोबांनी पाडलेलं भोकही बुजवलेलं नाही, पंखा शोधून त्याच जागी लावला.

पण जिथं जिवाचा प्रश्न आहे तिथं जुनं ठेवायचा हट्ट धरला नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, त्यांचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडरचं किट, पाइप सगळं नवीन. वायरिंग पूर्ण नवीन, फ्यूज वाढवले. आणि पेट्रोल लाइनचं तर प्रत्येकानं बघाच, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या रबराला ते सोसत नाही, होज फुगतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम खराब होतो. गरम इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे काय हे सांगायला नको. इथेनॉल सहन करणारे होज टाकलेत आणि गाडी महिनोन् महिने टाकी भरून उभी ठेवत नाही, कारण ते पेट्रोल पाणीही ओढून घेतं.

पार्ट मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोपर्यंत या गाड्यांचे पार्ट बनत होते, टॅक्सीवाल्यांना रोज काही ना काही लागायचंच. तिथं टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये रजिस्टर झालेली, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आता भंगारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून जे सापडेल ते. पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिनचा सेट मला तिथंच मिळाला, कागदात गुंडाळलेला, कोरा.

(पन्हाळ्याचा घाट. गाडी चढावर, सेकंडमध्ये.)

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज रजिस्ट्रेशनचा नियम आला. व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, फी नव्यासाठी वीस हजार, दहा वर्षांची मुदत. मी ते केलं नाही. त्या रजिस्ट्रेशनवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. ज्यांना गाडी जपून ठेवायची आहे त्यांच्यासाठी तो नियम चांगला आहे. मला आजीला जोतिबाला न्यायचं असतं, बाजारात जायचं असतं. म्हणून नेहमीचं आरसी, दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून रिन्यू करायचं, पर्यावरण कर भरायचा. ते परवडतं मला.

आजी पुढच्या सीटवर बसते, अख्खी सलग सीट आहे, मध्ये गिअर नाही त्यामुळे ऐसपैस. पहिल्यांदा घाट चढलो तेव्हा ती मला सांगत होती की इथं तुझे आजोबा आधीच गिअर टाकायचे, गाडी दमायच्या आधी. तिला गाडी चालवता येत नाही, पण कुठल्या वळणाला कुठला गिअर ते सगळं पाठ आहे. ते सगळं मी आता रेकॉर्ड करून ठेवतोय.

काम अजून बाकी आहे. ५.२०-१४ चे टायर मिळाले पण चारही एका मेकचे नाहीत. पुढच्या बंपरचं क्रोम करायचंय. आणि मागच्या डाव्या लाइटची काच फुटलेली आहे, सध्या पद्मिनीची लावलीये, ती नीट बसत नाही आणि पावसात पाणी आत जातं. कुणाकडे डिलाइटची डावी काच पडून असेल, जुनी, पिवळट, चरे पडलेली कशीही चालेल, तर जरूर सांगा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि तुमच्या घरी शेडमध्ये अशी गाडी उभी असेल तर तिला सेल्फ मारू नका, आधी प्लग काढा, ऑइल सोडा आणि एक चांगला मेस्त्री गाठा.