तिसरं नाव, चौथी फेरी

[दृश्य: लॉस एंजेलिस, 17 जुलै 2022. व्यासपीठ, मागे मोठा पडदा.]

रविवारची संध्याकाळ. मेजर लीग बेसबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, नुकताच सुरू झालाय. पहिलं नाव पुकारतात बाल्टिमोर ओरिओल्स: जॅक्सन हॉलिडे. दुसरं ॲरिझोना डायमंडबॅक्स: ड्रू जोन्स. दोघंही शाळेतून थेट आलेले, दोघांचेही वडील मोठ्या लीगमध्ये गाजलेले. इथवर कुणालाच धक्का बसलेला नाही. तिसरी पाळी टेक्सास रेंजर्सची. पडद्यावर नाव उमटतं: कुमार रॉकर.

टेक्सासचे चाहते चक्रावले. नाव ओळखीचं होतं, पण ते इतक्या वर येईल असं फार कमी जणांना वाटलं होतं.

[दृश्य: व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं मैदान, जुनी क्षणचित्रं.]

रॉकरची आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू आणि प्रशिक्षक. 2019 मध्ये, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, या उजव्या हाताच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, ड्यूक विद्यापीठाला एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, दिला नाही आणि 19 बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. 2021 च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. 60 लाख डॉलरवर बोलणीही झाली. मग वैद्यकीय तपासणी झाली, मेट्सनी हात आखडता घेतला आणि करार झालाच नाही. पुढे त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर फ्रंटियर लीग नावाच्या स्वतंत्र लीगमध्ये तो मोजके सामने खेळला. तज्ज्ञांच्या बहुतेक याद्यांत त्याचं नाव पहिल्या दहाच्या बरंच खाली होतं.

अशा निवडीला चाहते ‘रीच’ म्हणतात. म्हणजे थोडं थांबून मिळाला असता असा खेळाडू घाई करून उचलणं. त्या रात्री हा शब्द भरपूर वापरला गेला. शब्द चुकीचा नव्हता, पण ड्राफ्टचं अर्धंच गणित त्यात येतं. उरलेलं अर्धं पैशांचं आहे.

[दृश्य: कोरा कागद. त्यावर उभे रकाने आखले जातात.]

2012 पासून प्रत्येक संघाला ड्राफ्टसाठी खर्चाची मर्यादा आहे. पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला एक रक्कम ठरवून दिलेली असते. तिला स्लॉट म्हणतात. संघाच्या सगळ्या स्लॉटची बेरीज म्हणजे त्याचा पूल. कुणाला स्लॉटपेक्षा कमी द्यायचं, कुणाला जास्त, हे संघाने ठरवायचं. फक्त बेरीज जपायची. पूलच्या वर 5 टक्क्यांपर्यंत गेलात तर त्या जादा रकमेवर 75 टक्के कर. 5 टक्क्यांच्या पुढे एक डॉलर जरी गेला, तरी पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची निवड हातातून जाते. 2012 ते 2024 या काळात एकाही संघाने ती रेषा ओलांडली नाही, इतकी ती शिक्षा जबर आहे.

आता रेंजर्सची अडचण बघा. आधीच्या हिवाळ्यात त्यांनी कोरी सीगर आणि मार्कस सिमियन या दोन बड्या खेळाडूंना करारबद्ध केलं होतं. नियमाप्रमाणे त्याची किंमत ड्राफ्टमध्ये मोजावी लागते. दुसरी आणि तिसरी फेरी, दोन्ही गेल्या. म्हणजे तिसऱ्या क्रमांकानंतर त्यांची पुढची पाळी थेट 109 व्या क्रमांकावर, दुसऱ्या दिवशी. चाहत्यांकडे रात्रभर चघळायला एकच नाव होतं.

सोमवारी चौथी फेरी आली आणि रेंजर्सनी नाव घेतलं ब्रॉक पोर्टरचं. मिशिगनमधला शाळकरी पिचर, त्या वर्षीचा गेटोरेड राष्ट्रीय खेळाडू (शाळकरी खेळाडूंचा देशपातळीवरचा पुरस्कार), गुणवत्तेने पहिल्या फेरीतला. क्लेमसन विद्यापीठाशी त्याचं ठरलेलं होतं. घसघशीत रक्कम दिसल्याशिवाय तो कॉलेज सोडणार नाही, हे सगळ्यांना माहीत असल्याने संघ त्याला टाळून पुढे जात राहिले होते.

[दृश्य: कागद जवळून. आकडे एकेक करून उमटतात.]

पहिली ओळ. क्रमांक 3, स्लॉट सुमारे 76 लाख डॉलर, रॉकरला दिले 52 लाख. वाचले 24 लाख.

दुसरी ओळ. क्रमांक 109, स्लॉट साडेपाच लाखांच्या आसपास, पोर्टरला दिले 37 लाख. जादा गेले 31 लाख.

रेंजर्सचा पूल सुमारे 96 लाखांचा. त्यातले 89 लाख दोन पिचरवर गेले. हातात उरले सात लाख आणि 5 टक्क्यांच्या सवलतीतले पावणेपाच लाख. एवढ्यात पाचव्या ते दहाव्या फेरीतले सहा जण बसवायचे. रविवारी रात्री कुणी विचारलं असतं, ‘हे वाचवलेले 24 लाख जाणार कुठे?’, तर चर्चा योग्य दिशेला गेली असती. ड्राफ्टच्या पहिल्या रात्री विचारण्यासारखा प्रश्न तोच असतो.

हा डाव काही रेंजर्सनी शोधला नव्हता. 2012 मध्येच, म्हणजे नियम लागू झाला त्याच वर्षी, ह्यूस्टन ॲस्ट्रोसनी पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेयाला 48 लाखांत घेतलं. स्लॉट होता 72 लाखांचा. वाचलेल्या पैशांतून 41 व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्सला 25 लाख दिले, त्याच्या स्लॉटच्या जवळपास दुप्पट. पाच वर्षांनी, 2017 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, सातव्या सामन्यात, ॲस्ट्रोसचा सुरुवातीचा पिचर मॅकलर्स होता आणि शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षणाच्या जागेवर कोरेया.

पण हाच डाव अंगलटही येतो.

[दृश्य: रिकामं पिचिंग माउंड, पहाट.]

2014. पुन्हा ॲस्ट्रोस, पुन्हा पहिला क्रमांक. शाळकरी डावखुरा पिचर ब्रेडी एकेन. 65 लाखांवर एकमत झालं. त्याच्या 79 लाखांच्या स्लॉटमधून जे वाचणार होतं, त्यातून पाचव्या फेरीतल्या जेकब निक्सला 15 लाख द्यायचे होते. तपासणीत एकेनच्या कोपराच्या अस्थिबंधाबद्दल शंका आली, संघाने रक्कम कमी केली, एकेनने सही केली नाही. इथे एक नियम आडवा येतो: पहिल्या दहा फेऱ्यांतल्या खेळाडूने सही केली नाही, तर त्याचा स्लॉट पूलमधून वजा होतो. सगळाच्या सगळा. 79 लाख गेले आणि निक्सला द्यायला पैसेच उरले नाहीत. एका कोपरामुळे दोन मुलांचे करार बुडाले. दोघांच्याही वाट्याला काय आलं असेल, याची कल्पना करवत नाही.

त्या जुलैत ॲस्ट्रोसवर टीकेची झोड उठली. भरपाई म्हणून त्यांना 2015 मध्ये दुसऱ्या क्रमांकाची जादा निवड मिळाली. ती त्यांनी ॲलेक्स ब्रेगमनसाठी वापरली.

म्हणून दुसऱ्या दिवशीच्या नावांकडे नीट लक्ष द्या. सहाव्या ते दहाव्या फेरीत अचानक कॉलेजच्या चौथ्या वर्षाचे, कुठल्याच यादीत नसलेले खेळाडू यायला लागतात. चाहते वैतागून विचारतात, ‘हा कोण?’ या निवडीला ‘सीनिअर साइन’ म्हणतात. तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला ‘मी परत कॉलेजला जातो’ असं म्हणता येतं. चौथ्या वर्षवाल्याकडे सहसा ती सोय नसते. दीड-दोन लाखांच्या स्लॉटवर तो काही हजारांत सही करतो. उरलेले पैसे वर कुठेतरी कुणाच्या तरी करारात जाऊन बसतात. एखाद्या संघाने असे तीन-चार जण ओळीने घेतले, तर समजायचं, आधीच्या एखाद्या निवडीला मोठी रक्कम कबूल झालीय.

अकराव्या फेरीपासून हिशोब बदलतो. तिथे स्लॉट नाही. ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च पूलमध्ये मोजला जात नाही. 2023 पासून ही रक्कम दीड लाख डॉलर आहे. सही झाली नाही तरी पूलला धक्का लागत नाही. म्हणून महागडा शाळकरी खेळाडू नशीब अजमावायला अकराव्या फेरीत घेतात. या एका फेरीबद्दल चाहते उगाच उत्साही होत नाहीत.

आणि शाळकरी पिचर म्हटलं की टेक्सासमध्ये एक जुनी जखम दुखते. 1973. ह्यूस्टनचा डावखुरा डेव्हिड क्लाइड, ड्राफ्टमध्ये पहिला. वय 18. रेंजर्सनी त्याला त्याच महिन्यात मोठ्या लीगमध्ये उतरवलं. प्रेक्षक लोटले, आणि घाईची किंमत त्या मुलाने मोजली: संपूर्ण कारकिर्दीत 18 विजय, 33 पराभव. आज ड्राफ्टमधला मुलगा आधी ॲरिझोनातल्या सराव केंद्रात जातो, मग पायरीपायरीने वर, रेंजर्सच्या बाबतीत फ्रिस्को आणि राउंड रॉक इथल्या खालच्या लीगमधल्या संघांपर्यंत. आयपीएलच्या लिलावातला खेळाडू काही महिन्यांत मैदानात दिसतो. इथे तीन-चार वर्षं वाट बघावी लागते आणि बरेच जण शेवटपर्यंत दिसतच नाहीत.

[दृश्य: फीनिक्स, 1 नोव्हेंबर 2023. मैदानावर धावत आलेला संघ.]

रेंजर्सने आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू, कोरी सीगर. 2022 च्या ड्राफ्टमधल्या रिकाम्या फेऱ्या ज्या दोघांसाठी सोडल्या, त्यांतला एक. रॉकर तेव्हा मैदानाबाहेर होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया, झाली होती.

[दृश्य: सिएटल, 12 सप्टेंबर 2024. माउंडवर रॉकर.]

ड्राफ्टला दोन वर्षं आणि जवळपास दोन महिने झाले आहेत. कॉलेजमधला त्याचा जोडीदार जॅक लायटर, 2021 चा रेंजर्सचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू, एप्रिलमध्येच मोठ्या लीगमध्ये पोहोचलाय. आज रॉकरची पाळी. चार डाव टाकले, एक धाव दिली, सात स्ट्राइकआउट.